बिनसहीचं पत्र

सोमवार, २४ फेब्रुवारी २०२५

विकास सोसायटीचा बोर्ड आज पुरा झाला. जुनं 'अहमदनगर' पॉलिश पेपरने घासून काढलं, प्रायमर मारला, त्यावर 'अहिल्यानगर'. अक्षर एक कमी, पण वेलांटी आणि जोडाक्षर यांमुळे रुंदी सव्वा इंचाने वाढते. हे कुणाच्या ध्यानात येत नाही. तालुक्यातला दुसरा पेंटर आहे, तो अक्षरं दाबून बसवतो. 'न' आणि 'ग' एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे दिसतात. मी 'जि.' अर्धा इंच डावीकडे सरकवला आणि जागा काढली. असे तेवीस बोर्ड झाले, सतरा राहिले. शाळा चौथीत सुटली, गुरू कुणी केला नाही; एसटीच्या पाट्या आणि सिमेंटच्या जाहिराती बघून हात बसवला. पण या पट्ट्यात सहादेव पेंटरचं अक्षर लांबून ओळखतात.

तळहातांवर तांबूस ठिपके आले आहेत. खाज नाही, आग नाही. नवा थिनर हलक्या प्रतीचा आहे, दुसरं काय.

दुपारी सव्वाबाराला नगरच्या रक्तपेढीतून फोन. बाईंनी नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, मग म्हणाल्या, "तुम्ही आत्ता एकटे आहात का?" मी शिडीवर होतो. म्हटलं, एकटाच आहे. "१९ तारखेच्या रक्तदानासंदर्भात एकदा समक्ष भेटून जा. फोनवर सांगता येणार नाही."

ते माझं अडतिसावं रक्तदान होतं. संध्याकाळी कल्याणच्या दुकानात सहज बोललो. कल्याणचं खताचं दुकान आहे, आणि शिवजयंतीचं शिबिर त्याचंच मंडळ भरवतं. तो म्हणाला, "पेंटर, सत्कार हाय. दुसरं कशाला बोलावत्यात? शाल मिळाली तर मला द्या, तुमी तिला ब्रश पुसताल." आणि लगेच मोबाईलवर गावाच्या ग्रुपला टाकलं की आपल्या पेंटरना रक्तपेढीचं बोलावणं आलं. मी नको म्हणालो नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

इस्त्रीचा सदरा घालून गेलो होतो. हे लिहून ठेवतो, कारण लाज कुठून सुरू झाली ते कळावं.

डॉक्टर वयाने माझ्या निम्मा. दार लावून घेतलं, मला बसवलं, रिपोर्टाचा कागद माझ्याकडे फिरवला. सिफिलिसची तपासणी, पॉझिटिव्ह. मी प्रथम कागदावरचं नाव तपासलं, पिशवीचा नंबर तपासला. दोन्ही बरोबर.

"हा आजार शक्यतो शरीरसंबंधातून होतो. बरा होतो, पूर्ण बरा होतो," तो म्हणाला.

याला जुने लोक गरमी म्हणत. आमच्या लहानपणी गावात एक जण होता, त्याच्या ओट्यावर कुणी बसायचं नाही.

मी विचारलं, "माझ्या रक्ताची पिशवी?"

"ती कुणाला दिलेली नाही. नष्ट केली."

अडतीस वेळा दिलं. मागच्या सदतीसचं काय, असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानेच सांगितलं, प्रत्येक पिशवी तपासली जाते, ऑगस्टमधली स्वच्छ होती. म्हणजे जे झालं ते ऑगस्टनंतरचं. पुढे सरकारी दवाखान्यातल्या गुप्तरोग विभागाची चिठ्ठी दिली. मी ती चिठ्ठी घडी करून चपलेत घातली, खिशात नाही.

शनिवार, १ मार्च

कल्याण रस्त्यात आडवा. "कधी हाय सत्कार?" म्हटलं, हिमोग्लोबिन थोडं कमी आलं, तेवढ्याचसाठी बोलावलं होतं. "मंग बीट खा," म्हणाला, आणि संध्याकाळी घरी दोन किलो बीट पाठवलं. बायकोने, ज्योतीने, चिरायला घेतलं. तिचे हात लाल झालेले बघवेनात म्हणून बाहेर जाऊन बसलो.

हिशेब मांडला. ऑगस्टनंतर ज्योती. आणि लंकाबाई. लंकाबाईची गावाच्या खालच्या अंगाला पिठाची गिरणी आहे. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही, माहेर तिकडे जामखेडच्या पलीकडे. दोन वर्षांमागे गिरणीचा बोर्ड करायला गेलो तेव्हापासून. दुपारी दोन ते चार गिरणी बंद असते. एवढंच लिहितो.

म्हणजे तिच्याकडून. गिरणीवर शंभर लोक येतात. तिच्याकडूनच.

नोव्हेंबरात निवडणुकीच्या भिंती रंगवायला बाहेरच्या जिल्ह्यात बारा दिवस होतो. तिथल्या लॉजवरचा प्रकार एकदाच झाला. तो यात धरत नाही.

सोमवार, ३ मार्च

तालुक्याला, कर्जतला, ओळखीचे भेटतील म्हणून नगरच्याच दवाखान्यात गेलो. खोलीबाहेर रोगाचं नाव नाही, नुसता खोलीचा नंबर आहे. बोर्ड चांगला होता. कुणी तरी विचार करून केलेला.

समुपदेशक म्हणून अश्विनी मॅडम आहेत, तिशीच्या. त्यांनी विचारलं, गेल्या काही महिन्यांत लघवीच्या जागेवर जखम झाली होती का, न दुखणारी.

"डिसेंबराच्या सुरुवातीला. पण ते थिनरने भाजलं होतं. हात न धुता लघवीला गेलो की आम्हा पेंटर लोकांना होतं ते. खोबरेल लावलं, तीन आठवड्यांत गेलं."

"आपलं आपण गेलं?"

"खोबरेल लावलं ना."

त्या म्हणाल्या, "हात दाखवा." तळहातावरचे ठिपके बघितले. "हेही थिनरचं वाटलं असेल तुम्हाला."

तीस वर्षं थिनर हाताळतो. थिनरला माझ्याएवढं कोण ओळखतं, असं मनात आलं होतं. आणि २०११ साली आरोग्य केंद्राच्या भिंतीवर हीच लक्षणं मी स्वतः रंगवली, निळ्यावर पांढरी, आठ ओळी. एकही चूक नव्हती. 'न दुखणारी जखम' हे शब्द मी साडेतीन इंचात लिहिले होते. ओळी मोजल्या, वाचल्या नाहीत.

कुल्ल्यावर दोन सुया, एक इकडे एक तिकडे. पेनिसिलीन. घट्ट औषध, आत शिरताना खडीसारखं. एचआयव्हीचीही तपासणी झाली, ती ठीक आली.

नंतर फॉर्म. "मागच्या सहा महिन्यांत किती जणींशी संबंध आला?" मी सांगितलं, दोन. बायको आणि एक. मॅडमनी दोन लिहिलं. मी ते वाचलं आणि पुढच्या रकान्याकडे बघितलं.

त्यांनी दोन कार्डं दिली. कार्डावर खोलीचा नंबर आणि एक आकडा. आजाराचं नाव नाही, माझंही नाव नाही. म्हणाल्या, "दोघींना सांगणं गरजेचं आहे. त्यांना कदाचित काहीच त्रास होत नसेल, तरी आत वाढतो. तुम्ही सांगा, नाहीतर त्यांना इथं घेऊन या, नाहीतर नंबर द्या, मी फोन करते. तुमचं नाव घेणार नाही."

"मी सांगतो."

"बोलून सांगा. लिहून देऊ नका. कागद कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही, आणि गावात बाईचं नाव एकदा गेलं की परत येत नाही."

मला हे लागलं. गावातले अर्ज, तक्रारी, लग्नाच्या याद्या, सगळं मी लिहितो. लिहू नका असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही.

बुधवार, ५ मार्च

लंकाबाईला पत्र. तोंडाने सांगायला गेलो तर ती उलट माझ्यावरच टाकेल, आरडाओरडा करेल, खालच्या आळीला ऐकू जाईल. पत्राने तिचीही अब्रू राहते. माझीही राहते.

पहिले डाव्या हाताने लिहिलं. वाचता येत होतं, पण 'श'ची गाठ बघवेना. फाडलं. मग शाळकरी पोरासारखं मोठ्ठं लिहिलं. तेही फाडलं. अकरावा मसुदा उजव्याच हाताने, अक्षर मागे झुकवून, शिरोरेषा तोडून. कुणाच्या बापाला ओळखू येणार नाही आणि तरी ओळी सरळ. मजकूर इथे उतरून ठेवतो:

'महोदया, आपल्या निकट संपर्कातील एका व्यक्तीच्या रक्ततपासणीत संसर्ग आढळून आला आहे. तो आपणासही झालेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तरी सोबतच्या कार्डावरील ठिकाणी नगर येथे आठ दिवसांत स्वतः जाऊन तपासणी करून घ्यावी. उपचार मोफत आहेत. माहिती गुप्त राहील. एक हितचिंतक.'

यात काही काढण्यासारखं नाही, घालण्यासारखं नाही. श्रीगोंद्याला एका दुकानाची पाटी होती, तिथल्या पेटीत टाकलं.

ज्योतीला काय, ती घरातच आहे. धुळवड झाली की सांगेन. तोवर उकाड्याचं निमित्त करून पडवीत झोपतो. ती म्हणाली, "मार्च आत्ता लागलाय, एवढा उकाडा कुठं हाय?"

सोमवार, १० मार्च

ज्योती आज दळण घेऊन आली ती डबा ठेवून तशीच चुलीपुढे बसली. विचारलं तर म्हणाली, "लाईन लई व्हती." ज्वारीचं पीठ जाड आलं आहे, गिरणीचा दगड सैल झाला असावा.

जेवण झाल्यावर तिने वही-पेन आणून दिलं. बचत गटाचा अर्ज लिहून द्या म्हणाली. मी लिहिला. तिने तो हातात घेतला, दिव्याखाली धरला आणि बराच वेळ बघत राहिली. ज्योती दहावी शिकलेली आहे, पण माझं अक्षर असं निरखताना तिला लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं. म्हटलं, "काही चुकलं का?"

"न्हाई. ह्यो 'श' कसा काढता तुमी?"

मी काढून दाखवला. गाठ आधी, मग पाय. दोनदा काढून दाखवला. बरं वाटलं.

बुधवार, १२ मार्च

ज्योती सकाळच्या एसटीने नगरला गेली, गटाच्या कामाला. लंकाबाईही बरोबर होती म्हणे, तिचं लाईटच्या ऑफिसात काम होतं. गिरणीच्या दारावर खडूने 'बंद' लिहिलेलं, 'ब'चं पोट उघडं.

दोघी एका एसटीत गेल्या याने माझा जीव दिवसभर टांगला होता. पण ज्योती पाच वाजता आली, चहा केला, मला दिला. स्वतः उभ्याने प्याली. मग पालथी पडून राहिली. म्हणाली, "एसटीनं अंग मोडून काढलं, बसवंना."

मांडवगणच्या पुढचा रस्ता खरंच वाईट आहे. बांधकाम खात्याला अर्ज करायला हवा.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. आज सांगायचं ठरवलं होतं. सांगितलं नाही. त्याऐवजी हे कळलं:

नळावर आक्काबाई भेटली, शेजारची. सत्तरीची आहे, तोंड थांबत नाही. म्हणाली, "काय रं सहादेवा, तुजी बायको न्हाई ती वकीलच म्हनायची. सोमवारी गिरणीत लंकीला टपाल आलं. तिला कुठं वाचता येतं? लायनीत आमी बारा-तेरा बाया. ज्योतीनं फोडलं. डोळे फिरवले आन गप उभी. म्या म्हनलं, आगं इंग्रजी हाय का काय? तर म्हनली, सरकारी मराठी हाय मामी, येळ लागतो. मंग मोठ्यांदा वाचलं. लाईट बोर्डाचं व्हतं. मीटर बदलायचाय, मालकिणीनं सोता नगरला यायचं, आठ दिसात. अंगठ्यासाठी."

मला हायसं वाटलं, हे कबूल करतो. म्हणजे ते लाईट बोर्डाचं पत्र. माझं अजून पोचलंच नाही, टपालात गहाळ झालं असेल. मग दुपारी पाटी घासताना डोकं ठिकाणावर आलं. माझं पोचलं असतं तर तेही असंच तेरा बायांत फुटलं असतं. लंकाबाईला वाचता येत नाही.

तिच्या गिरणीचा बोर्ड लावला त्या दिवशी तिने मला तो वाचून दाखवायला लावला होता. दोनदा. बोट ठेवून. मला हे माहीत होतं. अकरा मसुदे केले, शिरोरेषा तोडली, श्रीगोंद्याची पेटी शोधली, आणि हे आठवलं नाही.

आता तोंडानेच सांगायला हवं.

सोमवार, १७ मार्च

दोन वाजता गेलो. गिरणी बंद होती, ती पट्ट्याला मेण लावत होती. मला बघून हात थांबवला नाही.

"आलात व्हय पेंटर. लई लवकर आलात."

मी सुरुवात केली, की एक सांगायचं आहे, रागावू नकोस. ती म्हणाली, "घावलं मला टपाल. गेल्या सोमवारीच घावलं."

"ते लाईटचं ना?"

तिने माझ्याकडे बघितलं. कीव आल्यासारखं. "लाईटचं टपाल आसं आसतंय व्हय? आत कार्ड? ज्योतीबायनं वाचलं. बाया गेल्यावर मला मागं घिऊन गेली आन खरं काय ते सांगितलं. शब्दाशब्दानं. मंग म्हनली, हे माझ्या मालकाचं अक्षर हाय, तुला काय सांगायचंय का?"

गिरणीत बसायला एक पोतं असतं, त्यावर मी बसलो.

"मंग?"

"मंग काय. सांगितलं. तुमी दोन सालात माझ्याशी जेवढं खरं बोलला न्हाई तेवढं मी तिच्याशी येका घटकेत बोलले. तिनं मला मारलं आसतं तरी चाललं आसतं. तर म्हनली, बुधवारी सकाळची यष्टी हाय, आदार कार्ड घे."

मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. "तुझ्या रक्तात निघालं का?"

"ते माझं मला ठावं."

"पण मला कळायला हवं, कुणाकडून कुणाला..."

"माझ्याकडनं तुमाला झालं आसं ठरवूनच आला व्हता ना? 'निकट संपर्कातली येक व्यक्ती.' ज्योतीबायनं वाचलं तवा मी म्हनलं, ही व्यक्ती कोन गं? नाव का न्हाई घेतलं? तर ती म्हनली, त्यास्नी लाज वाटली आसंल." तिने मेणाचा गोळा डब्यात टाकला. "तुमाला लाज वाटली म्हनून माझं टपाल तेरा बायांत फुटलं. ती नसती तर कोन वाचनार व्हतं, आक्काबाय? सांजच्याला माझ्या दारात येक डबा आला नसता दळनाचा."

मी पोत्यावरून उठलो.

"पुन्हा गिरणीत येऊ नका. दळन ज्योतीबाय आनंल."

गिरणीपासून घर सहाशे पावलं आहे. मधे दोन ठिकाणी बसलो. मग सगळं एकेक करून लागत गेलं. 'श' कसा काढता. बसवंना. आठ दिवस ती सगळं जाणून मला भाकरी वाढत होती आणि मी रस्त्याच्या अर्जाचा विचार करत होतो.

मंगळवार, १८ मार्च

सकाळी सांगितलं. सांगितलं कसलं.

ती ताटात बाजरी निवडत होती. मी समोर बसलो. काल रात्रीपासून वाक्य जुळवत होतो, ते असं होतं, 'ज्योती, माझ्याकडून एक गंभीर चूक घडली आहे.' एवढं म्हणालो. ती खडे काढत राहिली.

"घडली न्हाई. केली."

"केली."

"फुडं."

मी लंकाबाईचं सांगितलं. तारखा सांगायला लागलो, तर म्हणाली, "तारखा नकोत. तारखा तुमच्या वहीत ठिवा." मग बाजरी बाजूला सारली. "माझं मी सांगते. माझ्या रक्तात निघालं. दोन सुया घेतल्या. मला कसलीच जखम न्हाई, कसला तरास न्हाई, तरी निघालं. मॅडम म्हनल्या बरं हुईल, तीन म्हयन्यांनी पुन्हा रक्त द्यायचं. तिचं काय निघालं ते मी तुमाला सांगनार न्हाई. तिनं माझं कुनाला सांगितलं न्हाई, मी तिचं सांगत न्हाई."

मी मान हलवली.

"आता येकच इचारते. इस वर्सं तुमच्या थिनरचे कपडे धुतले. खोटं मला वासावर कळतं. आनिक कोन?"

लॉजचं मी या वहीशिवाय कुठेच बोललेलो नव्हतो, आणि या वहीतही 'धरत नाही' असं लिहून टाकलं होतं. सांगितलं. ९ नोव्हेंबर, खोली नंबर सहा. तारखा नकोत म्हणाली होती, पण त्या प्रकाराचं माझ्याकडे दुसरं काही नाहीच. नाव ठाऊक नाही, चेहराही नीट नाही. जखम त्यानंतर बावीस दिवसांनी.

ज्योतीने पदराने तोंड पुसलं. रडली का ते मला दिसलं नाही. मग म्हणाली, "मंग तिला कुनी सांगितलं?"

"कुणाला?"

"त्या लॉजवरच्या बाईला. आमा दोघींस्नी कळलं. तिला?"

मी म्हणालो, तिच्याकडूनच आलं असेल, तिला माहीतच असेल.

"लंकीचंबी तुमी आसंच म्हनत व्हता."

दुपारी मॅडमना फोन केला. दोन नव्हे, तीन, असं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. आकडा दुरुस्त करते म्हणाल्या. त्या गावातल्या दवाखान्याचा नंबर आणि तिथे बायकांसोबत काम करणाऱ्या संस्थेचा नंबर दिला. "तुम्ही नाही गेलात तरी चालेल, आम्ही निरोप पोचवायचा प्रयत्न करू. गेलात तर मॅनेजरला काही सांगू नका. तिच्या पोटाचा प्रश्न आहे."

गुरुवार, २० मार्च

गावाचं नाव लिहीत नाही. तिचं नावही लिहीत नाही, आता ठाऊक आहे तरी.

मॅनेजरला म्हटलं, नोव्हेंबरात होतो, सहा नंबरला, तीच बाई हवी. तो हसला. "आवडली वाटतं. आज दुपारच्यालाच?" खरं कारण सांगितलं असतं तर त्याचं हसू तिथेच पुसलं गेलं असतं आणि मी भला माणूस दिसलो असतो. सांगितलं नाही. तो समजायचं ते समजला. बाकावर पाऊण तास बसलो, माझ्याहून लहान दोन पोरं जिन्याने गेली, त्यांनी बघितलं. बसून राहिलो.

ती आली. मला ओळखलं नाही. पंचेचाळीसची असेल, हातात भाजीची पिशवी. मी म्हटलं, खोलीत नको, बाहेर चला. रस्त्यापलीकडे रसवंती होती, तिथे घुंगरांच्या आवाजात बोललो. वाक्यं जुळवली नव्हती.

"मी सहादेव. नोव्हेंबरात तुमच्याकडे आलो होतो. मला सिफिलिस निघाला, माझ्या बायकोलाही माझ्याकडून झाला. तुम्ही तपासून घ्या, औषध फुकट आहे, हे कार्ड."

तिने कार्ड बघितलं आणि परत केलं.

"मला डिसेंबरातच निघालं. संस्थेच्या ताई सहा म्हयन्याला रक्त घेत्यात. सुया झाल्या. मंग ताई म्हनल्या, कोन कोन आलं व्हतं आठवा. आठवंल त्या समद्यांना निरोप दिला. वहीत बघितलं, सहा नंबर, अमृत पाटील, नाशिक. फोन लावला तर नंबर दुसऱ्याचाच."

ते नाव मी घातलं होतं. लॉजच्या वहीत, सुंदर अक्षरात.

"आडीच म्हयने शोधलं तुमाला," ती म्हणाली. "लगीच घावला आसता तर घरात गेलं नसतं."

रसाचे पैसे तिने मला देऊ दिले नाहीत.

साडेपाचला घरी पोचलो. ज्योती ओट्यावर होती.

"भेटली?"

"भेटली. तिने आधीच..."

"तिचं नगा सांगू. तुमी काय म्हनला ते सांगा."

मी म्हणालो ते सांगितलं. माझं नाव, कधी, काय झालं, तुला झालं, काय करायचं. पुरी दोन मिनिटंही लागली नाहीत. तिने पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मी म्हटलं.

"एवढंच व्हतं," ती म्हणाली. "हे मला पैलं सांगायचं व्हतं."

आणि दळणाचा डबा उचलून खालच्या आळीला निघाली. मी उठलो, डबा घ्यायला हात पुढे केला. तिने दिला नाही.